घरांतील प्रवाळ आणि त्याचा उजेड
(नभोवाणीवरील भाषण)

कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हें गांव लागतें. कांदा, टोमॅटो, द्राक्षें आणि उन्हाळ्यांत चाळीस अंशांकडे झुकणारा पारा अशी ही भूमि. समुद्र येथून घाटाखालीं, दृष्टीआड. अशा गांवीं एका घराच्या ओसरीलगतच्या खोलींत खारें पाणी, समुद्रांतील मासे आणि जिवंत प्रवाळ यांनीं भरलेली कांचेची पांच फुटी टाकी आहे असें कोणीं सांगितलें, तर श्रोत्यांस ती थट्टा वाटेल. परंतु ती टाकी मीं पाहिली आहे. इतकेंच नव्हे तर तिच्यांतील एक देखणा जीव माझ्याच सल्ल्यानें मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला. आजचें भाषण त्या सल्ल्याचें प्रायश्चित्त समजावें.

टाकी आमच्या अण्णांची. अण्णा माझे थोरले मावसभाऊ. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. अण्णांनीं तें शाळकरी वयांत पाहिलें आणि तेव्हांपासून खाऱ्या पाण्यांतील माशांचा नाद त्यांना लागला तो लागलाच. नोकरी संपवून ते मूळ गांवीं राहावयास निघाले, तेव्हां सामानाच्या ट्रकांत भांड्यांच्या आधीं टाकी चढली. वहिनी अजून तें बोलून दाखवितात. पांच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल, म्हणजे सुमारें साडेपांचशें लिटर पाणी आणि अर्ध्या टनाहून अधिक वजन. समुद्राचें पाणी घाटावर कसें तयार होतें हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. गाळण-यंत्रांतून काढलेल्या शुद्ध पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम तयार सागरी क्षार मिसळतात, एवढें येथें पुरे.

मुंबईंत या टाकीवर अडीचशें वॅटचे तीन मेटल हॅलाइड दिवे होते. दिवसाला आठ तास जळत, म्हणजे रोज सहा युनिटें आणि महिन्याला १८०. वर त्या दिव्यांनीं पाणी तापे, आणि तापलेलें पाणी थंड करण्यासाठीं निराळें यंत्र विजेवर चाले. प्रवाळास २५ ते २७ अंशांचें पाणी मानवतें. पिंपरी पेंढारच्या एप्रिल-मे महिन्यांत हा खर्च झेपणार नव्हता. नळीदिव्यांचा विचार झाला; परंतु पाऱ्याविषयींच्या मिनामाता कराराच्या २०२३ सालच्या परिषदेंत तसले दिवे २०२७ पर्यंत बंद करण्याचें ठरलें आहे, तेव्हां बंद पडणाऱ्या मालांत पैसा कां गुंतवावा? राहिले एल्. ई. डी. दिवे. अण्णांनीं मला विचारलें, "तूं पदार्थविज्ञान शिकवलेंस. स्वस्तांत चांगला दिवा कोणता, सांग पाहूं."

प्रवाळास दिवा हवा कशाला, हें आधीं सांगितलें पाहिजे. प्रवाळ हा प्राणी आहे. वनस्पतीसारखा एका जागीं रोवलेला दिसला तरी त्याला तोंड आहे, पोट आहे आणि भक्ष्य टिपणारे तंतू आहेत. परंतु उथळ समुद्रांतील बहुतेक प्रवाळांनीं आपल्या ऊतींत सूक्ष्म शैवालांना आसरा दिलेला असतो. हीं शैवालें प्रकाशसंश्लेषणानें साखर तयार करतात आणि तिचा मोठा वांटा यजमानाला देतात. उजेड गेला कीं भाडेकरूची मिळकत बुडते आणि घरमालक उपाशी राहतो. आपण अंगठींत वापरतों तें तांबडें पोवळें मात्र याला अपवाद आहे. भूमध्य समुद्रांतील तें पोवळें शैवालांचा आसरा न घेतां अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यांत वाढतें. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालांत त्याचें नांव आहे. आणि नाणेघाटाच्या वाटेवरील जुन्नर हें जुनें व्यापारी ठाणें, तेव्हां या मुलखानें पोवळें प्रथम अण्णांच्याच घरीं पाहिलें असें मानण्याचें कारण नाहीं. पण तें मेलेलें, दागिन्यांतलें. जिवंताला उजेड लागतो.

कोणता उजेड? पाण्यांत शिरणाऱ्या सूर्यप्रकाशांतून तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच गिळला जातो. निळा खोलवर पोंचतो. प्रवाळांतील शैवालें याच निळ्या प्रकाशावर, म्हणजे सुमारें ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर, मुख्यतः जगतात. आणि योगायोग असा कीं एल्. ई. डी. चा जीवही निळाच आहे. तेजस्वी निळा एल्. ई. डी. जपानांत १९९० नंतरच्या चार-पांच वर्षांत सिद्ध झाला, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या घरांतील पांढरा दिवा हा आंतून निळाच असतो. त्यावर पिवळ्या प्रकाशाचा लेप चढवून तो पांढरा केलेला असतो. सरकारची 'उजाला' योजना ५ जानेवारी २०१५ रोजीं सुरू झाली. त्या खरेदींत एका बल्बचा भाव २०१४ च्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. त्याच स्वस्ताईची लाट मत्स्यालयाच्या दिव्यांपर्यंतही पोंचली आहे. परदेशी नांवाचा दिवा घ्यावा, नाहीं तर प्रवाळाचा नाद सोडावा, असा काळ आतां राहिला नाहीं.

आम्हीं बाजारांत सर्रास मिळणारीं काळ्या पत्र्याचीं दोन खोकीं घेतलीं. प्रत्येकांत ५५ एल्. ई. डी.; प्रत्येक तीन वॅटचा; म्हणून खोक्यावर १६५ वॅट असें छापलेलें. निळ्याचें बटण वेगळें आणि पांढऱ्याचें वेगळें. अण्णांनीं दिवे पाण्यापासून आठ इंचांवर टांगले. मीं खोलींत उभें राहून पाहिलें आणि माझ्या डोळ्यांस उजेड मंद वाटला. जुन्या हॅलाइडचा लखलखाट मनांत होता ना! मी म्हणालों, "अण्णा, दोन्ही बटणें शेवटपर्यंत फिरवा."

दहाव्या दिवशीं अण्णांचा फोन आला. टाकीच्या मध्यभागीं दहा वर्षें वाढवलेला, ताटाएवढा एक कातडी प्रवाळ होता. त्याचे तंतू मिटले होते, कडा आंत वळल्या होत्या आणि तपकिरी अंगावर पांढुरकी कळा आली होती. उलट टाकीच्या दोन्ही टोकांना असलेलीं छत्रीसारखीं प्रवाळें देठ लांबवून उजेडाकडे माना काढीत होतीं. एकाच टाकींत मधला जीव होरपळला आणि कडेचे जीव भुकेले, असा तो प्रकार. अण्णांनीं मला एक शब्दही लावून बोलले नाहींत, हेंच मला अधिक लागलें.

माझी चूक अशी. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशास अत्यंत तीक्ष्ण आणि निळ्यास फार मंद आहे. बाजारांत उजेड मोजतात ते 'ल्युमेन' आणि 'लक्स' हीं मापें याच डोळ्याच्या हिशेबानें ठरविलेलीं आहेत. प्रवाळाला डोळ्याचा हिशेब उपयोगाचा नाहीं. त्याच्यासाठीं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात हें मोजावें लागतें. या मापाला 'पार' म्हणतात आणि तें मायक्रोमोलांत सांगतात. भर दुपारच्या उन्हांत तें सुमारें २००० असतें. उन्हापुरतें बोलावयाचें तर लक्सच्या आंकड्यास ५४ नें भागलें कीं पार मिळतें. पण निळ्या एल्. ई. डी. खालीं हा भागाकार साफ चुकतो, कारण लक्स-मापक निळ्याला जवळजवळ मोजीतच नाहीं. मला मंद वाटलेला उजेड प्रवाळाला मध्यान्हीचा चटका होता.

चटक्यानें होतें तें असें: प्रकाश पेलवेनासा झाला कीं शैवालांत विषारी प्राणवायूचे कण सांचूं लागतात आणि प्रवाळ आपल्या भाडेकरूंनाच बाहेर काढतो. त्यांच्याबरोबर रंगही जातो. समुद्रांत हेंच तापलेल्या पाण्यामुळें घडतें; १५ एप्रिल २०२४ रोजीं अमेरिकेच्या सागर-हवामान संस्थेनें जगव्यापी विवर्णतेचा चौथा प्रकोप चालू असल्याचें जाहीर केलें होतें. समुद्रांत जें व्हावयास आठवडे लागतात तें आम्हीं घरांत दहा दिवसांत घडवून आणलें.

मग पुण्याच्या एका हौशी गृहस्थांकडून पार-मापक आठ दिवसांच्या बोलीवर आणला. हें उपकरण महाग आहे, तें प्रत्येकानें विकत घ्यावें असें मी म्हणणार नाहीं. चार जणांत एक असला तरी काम भागतें. मात्र तें हातीं आल्याखेरीज मोठ्या टाकीचा दिवा कायम करूं नये. टाकीच्या तळाशीं, मध्यें आणि वरच्या थरांत लांबीनें-रुंदीनें ठराविक अंतरावर आंकडे घेऊन अण्णांनीं ते वहींत लिहिले. एका दिव्याच्या बरोबर खालीं, मधल्या थरांत ४२०. टाकीच्या कोपऱ्यांत ३५. जेथें सर्वांना शंभर हवे होते तेथें एकाला चौपट आणि दुसऱ्याला तिसरा हिस्सा मिळत होता. वॅट पुरेसे होते. त्यांची वांटणी चुकली होती.

मोठ्या टाकीच्या बाबतींत सगळें रहस्य या वांटणींत आहे असें माझें मत झालें आहे. स्वस्त खोक्यांतील प्रत्येक एल्. ई. डी. वर ९० अंशांचें भिंग असतें. तें प्रकाश खालीं दाबून मारतें. दिवा जवळ टांगला कीं मध्यें झोत आणि कडेला अंधार. असें एक खोकें सरासरी दोन फूट लांब-रुंद जागा बऱ्यापैकीं उजळतें. पांच फुटांना दोन अपुरीं पडतात. म्हणून एकच जबर दिवा किंवा दोन पूर्ण ताकदीचे दिवे घेण्यापेक्षां तीन साधे दिवे घ्यावे, उंच टांगावे आणि अर्ध्या-पाऊण ताकदीवर चालवावे. आम्हीं तिसरें खोकें आणलें, तिन्ही चौदा इंचांवर नेलीं, निळा प्रकाश साठ टक्के आणि पांढरा वीस टक्के ठेवला. पुन्हां मोजलें तेव्हां मधल्या थरांत १३० आणि कोपऱ्यांत ७० आले. कमी ताकदीवर चालणारा दिवा तापतो कमी आणि टिकतो अधिक, हा वर फायदा.

परंतु हे आंकडेही एका दिवसांत गांठावयाचे नसतात. आम्हीं वीस टक्क्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार दिवसांनीं पांच टक्के चढविले. घाई केली नाहीं. एकदां पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

दिवे ठाकठीक बसल्यावर अण्णांना एका अनोळखी माणसाचा फोन आला. मालवणच्या बाजूचे ताजे दगडी प्रवाळ, फांदीचे, रंगीत, घरपोंच देतों, कागदपत्रांची भानगड नाहीं, असें तो म्हणाला. अण्णांचें मन क्षणभर चळलें, हें त्यांनींच मला सांगितलें. दिवे तर आतां आहेतच, बटणें थोडीं वर नेलीं कीं झालें! दगडी फांदीच्या प्रवाळांना अडीचशें-तीनशें पार लागतो, आणि आमचीं तीन खोकीं पूर्ण ताकदीवर तेवढा देऊंही शकलीं असतीं.

येथें प्रश्न उजेडाचा राहत नाहीं. २००१ सालापासून सर्व दगडी प्रवाळ, काळीं प्रवाळें, बासरी प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सागरी पंखे हे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या परिशिष्टांत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें वाघ आणि दगडी प्रवाळ एकाच पंक्तीला बसतात. बिबट्याही त्याच पंक्तीचा, हें जुन्नरकरांना सांगावयास नको. समुद्रांतून असा प्रवाळ काढणें, विकणें किंवा विकत घेणें यास तीन ते सात वर्षांची कैद आणि शिवाय दंड होऊं शकतो. शोभेसाठीं विकतात तो मेलेला पांढरा सांगाडाही त्यांत आला. मालवणच्या समुद्रास १९८७ पासून अभयारण्याचा दर्जा आहे. मुंबईचा सागरी किनारा मार्ग बांधतांना वरळी-हाजीअलीच्या खडकांवरील प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० सालीं वनखात्याच्या परवानगीनें दुसरीकडे न्याव्या लागल्या. सरकारी रस्त्याला जी सवलत नाहीं ती अण्णांच्या टाकीला कोठून मिळणार? अण्णांनीं नकार दिला आणि फोन ठेवला.

माझ्यापुरता मात्र या प्रसंगानें एक हिशेब सुटला. ज्या प्रवाळांना प्रखर, महाग उजेड हवा असतो ते बहुतेक दगडी फांदीचे, आणि ते आपल्या घरांत येण्यास बंदी आहे. कातडी प्रवाळ, छत्री प्रवाळ आणि गुच्छानें वाढणारे झोअँथिड यांचीं नांवें त्या यादींत नाहींत, आणि त्यांना पन्नास ते दीडशें पार पुष्कळ होतो. तरीही त्यांच्या खरेदीची पावती व आयातीचे कागद मागून घ्यावे. ज्याच्याकडे कागद नाहींत त्याच्याकडे माल कोठून आला हें विचारण्याचीही गरज नाहीं. आणि शंका आली तर आधीं वनखात्यास विचारावें. तेव्हां 'मोठ्या टाकीला स्वस्त दिवा पुरेल काय?' या प्रश्नाचें उत्तर, निदान आपल्या देशांत, सरळ 'होय' असें आहे. महाग दिवा ज्याच्यासाठीं घ्यावयाचा तो जीवच आपण ठेवावयाचा नाहीं.

स्वस्त दिवा घेतांना काय पाहावें? छापील वॅटांवर विश्वास ठेवूं नये. भिंतीच्या खोबणींत लावावयाचें वीज-मापक स्वस्त मिळतें. आमच्या १६५ वॅटच्या खोक्यानें पूर्ण ताकदीवर १०८ वॅट घेतले. निळा आणि पांढरा प्रकाश वेगवेगळा कमी-जास्त करतां आलाच पाहिजे. निळा म्हणजे साडेचारशें नॅनोमीटरच्या आसपासचा गर्द निळा. थोडा जांभळा असल्यास उत्तम. तांबडे-हिरवे दाणे आहेत म्हणून जादा पैसे देऊं नयेत. त्यांनीं माशांचा रंग खुलतो, प्रवाळाला फारसा लाभ नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे खोकें स्क्रूनें उघडतें कीं डिंकानें चिकटवलेलें आहे तें पाहावें. एल्. ई. डी. वर्षानुवर्षें चालतात, मरतो तो त्यांना वीज पुरविणारा ड्रायव्हर आणि वरचा पंखा. हे दोन्ही सुटे मिळत असतील आणि आळेफाट्याच्या बाजारांतल्या वायरमनला ते बसवितां येत असतील, तर दिवा स्वस्त. नसतील तर तो कितीही कमी किमतीचा असला तरी महाग. आम्हीं दिव्यांच्या किमतींतून वांचलेल्या पैशांत एक जादा ड्रायव्हर आणून कपाटांत ठेवला आहे.

खाऱ्या पाण्यावर लटकणाऱ्या विजेची भीति मनांत असूं द्यावी. तीन पायांची पिन, खरोखर जमिनीशीं जोडलेलें अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरवर तुटणारा गळती-रक्षक यांत कुचराई नको. तार टाकीपासून खालीं लोंबत जाऊन मग वर खोबणीकडे जावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब खोबणींत शिरत नाहीं. आणि पेटलेल्या निळ्या दिव्याकडे मुलांना टक लावून पाहूं देऊं नये.

राहिला वीज जाण्याचा प्रश्न. खेड्यांत वीज जाते. वळवाच्या पावसांत तर दिवसभर जाते. येथें पुष्कळ लोक इन्व्हर्टर दिव्याला जोडतात, तें उलट आहे. दिवसभर किंवा दोन दिवस अंधार झाला तर प्रवाळ मरत नाहीं. समुद्रावरही आभाळ भरून येतें. पाणी हलेनासें झालें, तर प्राणवायूवांचून मासे कांहीं तासांत दगावतात. म्हणून बॅटरी पाणी हलविणाऱ्या पंपाला द्यावी, दिव्याला नव्हे. अण्णांच्या टाकीवरचे तीन दिवे मिळून आतां सुमारें दोनशें वॅट घेतात. नऊ तासांचे १.८ युनिट, महिन्याचे ५४. पूर्वींच्या १८० शीं ताडून पाहावें.

एका संध्याकाळीं शेजारचा तरुण शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन ओसरीवर टेकला होता. शेतीची वीज त्या आठवड्यांत रात्रींची होती आणि बिबट्याच्या भीतीनें तो सोबत्याची वाट पाहत होता. निळ्या उजेडाकडे पाहून तो म्हणाला, "अण्णा, तुमच्या माशांना दिवसा उजेड, अन् आम्हांला रात्रीं पाणी." अण्णा कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवसापासून ओसरीच्या बाहेर, बांधाच्या वाटेवर प्रकाश पडेल असा एक दिवा त्यांनीं लावला. तोही एल्. ई. डी. च, पण पांढरा.

तो कातडी प्रवाळ सात आठवड्यांनीं उघडला. प्रथम एका कडेचे तंतू बाहेर आले, मग पंधरा दिवसांत सगळे. रंग अजून पूर्वीचा नाहीं. मीं गेल्या खेपेस पाहिलें तेव्हां त्याच्या एका बाजूस, जेथें ऊति करपून गळून पडली होती तेथें, बोटभर नवा कोंभ दिसत होता. अण्णांनीं पार-मापक पुण्याच्या गृहस्थांना परत केला आहे. वहींतील पानावर त्या जागेचा आंकडा १२० असा लिहिलेला आहे, आणि दिव्यांच्या बटणांवर त्यांनीं चिकटपट्टी लावून ठेवली आहे. माझ्यासाठींच लावली असें वहिनी म्हणतात.